सहाचा डबा

तू आधी तो फोन पालथा घाल आणि फक्त ऐक. मधे मधे "म्हणजे कसं?" विचारायचं नाही. मी सगळं सांगते, आणि शेवटी तुलाच एक प्रश्न विचारणार आहे, तेव्हा लक्ष दे.

तर काकू. अगं, कुणाचीच काकू नाही ती. वय तेवीस, लग्नबिग्न काही नाही. पण गणिताच्या क्लासात बाकी सगळी सतरा-अठराची पोरं, आणि त्यांच्यात ही एकटी, दिवसभर चष्म्याच्या दुकानात राबून येणारी. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा सरकता का, फळा दिसत नाही." ही वळली आणि म्हणाली, "सरकते की बाळा, तू आधी नाक पूस." सगळा वर्ग खिदळला, आणि त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

सगळ्यात वाईट अवस्था कुणाची, तर तिच्या धाकट्या भावाची. तोही त्याच वर्गात, पहिल्या बाकावर. सुरुवातीला तर त्याने ओळखच दाखवली नाही. मग एकदा हिने भर वर्गात त्याचा विसरलेला कंपास पुढे पाठवला आणि वर ओरडली, "आईने दिलाय रे, सोनू!" झालं. बिचाऱ्याचं तेव्हापासून सोनू झालं, कायमचं.

आता ती क्लासला कशाला, ते ऐक. दुकानात ती मागच्या खोलीत बसते. मशीनवर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, पुसून पुढे द्यायच्या. पुढच्या खोलीत दुकानाच्या बाई डोळे तपासतात. तिथे ती उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, वरच्या मोठ्या अक्षरापासून खाली बारीक होत जाणारा. काकूला तो तक्ता उलटा-सुलटा पाठ आहे. तिला त्या खोलीत जायचंय, बस्स. दुसरं काही मागणं नाही तिचं. बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "डोळे तपासायच्या कोर्सला दुकानातर्फे एकालाच पाठवता येतं. तू वरच्या गणिताची परीक्षा या वर्षी पास हो, शिफारस तुझी. नाही झालीस तर माझी भाची जाईल, ती वाटच बघतेय. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

पण परीक्षेला असं उठून बसता येत नाही. क्लासने नाव पाठवावं लागतं. आणि क्लासचे सर नाव कुणाचं पाठवतात? जो त्यांच्या सराव चाचणीत पास होईल त्याचंच. कारण बाहेर पाटी लावलीय ना मोठी, निकाल शंभर टक्के! काकू पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "ज्यांना पोहता येत नाही त्यांना पाण्यातच उतरू द्यायचं नाही, मग बुडणार कोण? हे स्टॅट्सच्या धड्यातच आहे सर, नमुना कसा निवडू नये ते." सरांनी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण लक्षात ठेवलं असणार, नक्की.

आता सरांचं पुस्तक. सराव प्रश्नसंच, त्यांनी स्वतः लिहिलेला. पिवळं कव्हर, बीजगणित, कॅल्क्युलस, स्टॅट्स असे तीन भाग, आणि मागे उत्तरं. वर्गात अभ्यास कसा चालायचा माहितीये? आधी मागचं पान उघडायचं, उत्तर बघायचं, मग पायऱ्या अशा वळवायच्या की शेवटी तिथेच जाऊन पोचायचं. त्याला पोरं म्हणायची "रिव्हर्स गियर". "तुझं आलं का?" "रिव्हर्सने आलं." इतकं सर्रास. एखादं चिन्ह आडवं आलं तर बदलून टाकायचं, एखादा कंस नडला तर छाटून टाकायचा. सरही शेवटची ओळ बघून बरोबरची खूण करायचे आणि पुढे सरकायचे.

आणि सरांचा एक मंत्र होता. कमाल-किमानची गणितं असतात ना, कशाने जास्तीत जास्त होईल, कशाने कमीत कमी होईल? त्यात दोन उत्तरं निघतात आणि एक निवडावं लागतं. सर म्हणायचे, "जास्तीत जास्त विचारलंय?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "मोठं घ्या!" "कमीत कमी विचारलंय?" "छोटं घ्या!" पाढे म्हणतात तसं. काकू तोंड मिटून बसायची.

एका संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बहीण-भाऊ सरावाला बसले. आई पलीकडे बटणं शिवत होती, सगळ्या शर्टांची बटणं बहुतेक एकाच दिवशी तुटतात त्यांच्याकडे. प्रश्न असा. बारा इंच लांब, बारा इंच रुंद पुठ्ठा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून टाकायचे, उरलेल्या कडा वर दुमडायच्या, की झाला उघडा डबा. चौकोन केवढा कापला तर डब्यात जास्तीत जास्त मावेल?

सोनूचं झटकन आलं. "सहा."

"कसं?"

"दोन उत्तरं येतात, दोन आणि सहा. जास्तीत जास्त विचारलंय, मोठं घ्या. मागेही सहाच आहे."

काकूचीही दोन उत्तरं आली होती, दोन आणि सहाच. पण ती मंत्र म्हणणाऱ्यांतली नाही. ती पेन चावत बसली, मग म्हणाली, "अरे, जास्तीत जास्त काय हवंय? डब्यात मावतं ते. कापायचा चौकोन मोठा असून उपयोग काय? तू मोठा डबा मागितलास आणि मोठी कात्री घेऊन आलास."

"तायडे, मागे सहा आहे."

"मागे हत्ती असला तरी मी त्याच्यावर बसू का?" असं म्हणून ती उठली. दुकानातून आणलेल्या फ्रेमच्या खोक्याचा पुठ्ठा होता, तो पट्टीने मोजून बारा बाय बारा कापला. मग एका कोपऱ्यातून सहाचा चौकोन. मग दुसऱ्यातून. मग तिसऱ्यातून. चौथा कापावाच लागला नाही, तेवढाच उरला होता. टेबलावर चार सुटे चौकोन पडले. अगं, बाराच्या दोन बाजूंनी सहा-सहा कापलं की मधे उरतं काय? काही नाही!

आईने मान वर केली. "काय चाललंय?"

"डबा केलाय आई, सोनूने. मोठ्यात मोठा."

आईने ते चार तुकडे बघितले, मग हातातली बटणं त्यावर धरली. "मग घालू यात?"

सोनूला हसू फुटलं, दाबलं त्याने, पण फुटलं. मग काकूने दुसरा पुठ्ठा घेतला, दोनचे चौकोन कापले, कडा दुमडल्या, चिकटपट्टी लावली. आईने सगळी बटणं त्यात ओतली आणि डबा उचलून फळीवर ठेवला. तो अजूनही तिथेच आहे, मी पाहिलाय.

"पण परीक्षेत सहाच लिही," सोनू झोपायला जाताना म्हणाला. म्हणजे बघ. डोळ्यांनी पाहिलं, तरी!

दुसऱ्या दिवशी काकूने वर्गात हात वर केला. "सर, डब्याच्या गणिताचं मागचं उत्तर चुकलंय."

सर फळा पुसत होते, तिथेच थांबले. "दिवसभर चष्मे विकून तुझीच नजर अधू झाली वाटतं." वर्ग हसला.

"सर, मी विकत नाही, मागे काचा घासते. उत्तर दोन आहे."

सरांनी टॉपरला फळ्याकडे पाठवलं. टॉपर म्हणजे तो लांब मानेचा मुलगा, चालताना पण कुणीतरी बघतंय असं चालतो. त्याने फटाफट लिहिलं, शेवटी दोन कंसांचा गुणाकार शून्य अशी ओळ आली, आणि त्याने त्यातला एक कंस सरळ काट मारून उडवला. उरलं ते सहा.

"तो का उडवला?" काकूने विचारलं.

"दोन्ही बाजूंना भागलं."

"कशाने?"

"त्या कंसाने."

"आणि तो कंस शून्य असला तर? शून्याने भागलंस?"

टॉपरने सरांकडे बघितलं. मानेचा रंगच बदलला त्याच्या. आता रिव्हर्सने आलेली पायरी कुणी विचारेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नसणार!

सर पुढे आले. "काकू," हो, तेही काकूच म्हणायचे, "अख्ख्या वर्गाचं उत्तर सहा. मागच्या बॅचचं सहा, त्याच्या मागच्या बॅचचं सहा. तुझ्या एकटीचं दोन. तुला प्रॉबॅबिलिटी शिकवली ना मी? एवढे सगळे चूक आणि तू एकटी बरोबर, याची शक्यता किती?"

वर्गाने "ओऽऽ" केलं. आणि ही उभीच. म्हणाली, "सर, एवढ्या सगळ्यांनी स्वतंत्रपणे काढलं असतं तर मी गप्प बसले असते. हे सगळे एकाच पानावरून बघतात. ती एवढी सगळी उत्तरं नाहीत, ते एकच उत्तर आहे, एवढ्या वेळा छापलेलं. स्वतंत्र घटना वेगळ्या, हेही तुम्हीच शिकवलंत."

कुणी हसलं नाही. सर खडूकडे बघत म्हणाले, "परीक्षेत तुझी हुशारी तपासत नाहीत, उत्तर तपासतात. खाली बस."

आता चाचणी. सर पेपर काढतात पुस्तकातूनच, तर पेपरात कोण दत्त म्हणून हजर? डब्याचं गणित. बाकी पेपर काकूला बरा गेला. बीजगणितात एक गडबड झाली, स्टॅट्समध्ये आलेख घाईत काढला. ही काही जिनियस नाही गं, घासून घासून पास होणाऱ्यातली आहे. डब्याच्या गणितात तिने दोन लिहिलं. खाली पडताळाही दिला. एक कापलं तर शंभर मावतं, दोन कापलं तर एकशे अठ्ठावीस, तीन कापलं तर एकशे आठ, सहा कापलं तर शून्य. आणि शून्याखाली दोन रेघा ओढल्या, कागद फाटेपर्यंत.

निकाल लागला. नापास. आणि कितीने म्हणशील तर त्या एका गणिताने.

सरांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. ती खोली म्हणजे चारी बाजूंनी पिवळ्या पुस्तकांचे गठ्ठे, सगळे न विकलेले, अजून सुतळ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. दार अर्धवट उघडं. बाहेर पोरं आपण काही ऐकत नाही असा चेहरा करून उभी, त्यात सोनू सगळ्यात पुढे.

सरांचा आवाज एकदम मऊ. "हे बघ, तू कष्टाने येतेस, मला दिसतं. नावं आज संध्याकाळी जाणार. हा कोरा कागद घे, ते गणित परत लिही, पुस्तकात आहे तसं. मार्क वाढवतो, नाव पाठवतो. विषय संपला."

कळतंय ना तुला? समोर कागद. बाजूला पेन. एक आकडा लिहायचा, सहा. की परीक्षा, कोर्स, ती उंच खुर्ची, पुढची खोली, सगळं तिचं.

काकूने कागदाला हातच लावला नाही. तिने पिशवीतून पुठ्ठा काढला. घरूनच आणला होता कापून, बारा बाय बारा, कारण तिला वाटलंच होतं. आणि कात्री काढून सरांसमोर ठेवली.

"तुम्ही करा सर. सहा घेऊन डबा करून दाखवा. झाला की मी तुम्ही म्हणाल तिथे सहा लिहिते, अगदी कपाळावर लिहिते."

"माझी परीक्षा घेतेस?"

"नाही सर. मला डबा हवाय."

सरांनी रागाने कात्री उचलली. पहिला कोपरा कापला. दुसरा कापला. अर्धा पुठ्ठा हातात राहिला आणि त्यांचा हात थांबला. पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं गं! आपल्याला माहीत असलेलंच कुणीतरी मोठ्याने बोललं की होतो तसा चेहरा झाला. काकूला ते दिसलं. तोवर तिला वाटत होतं, सर चुकलेत. सर चुकलेले नव्हतेच. सरांना ठाऊक होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

सर गठ्ठ्यांकडे बघत हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी लक्षात आलं. तोवर ही आवृत्ती छापून झाली होती. आता मीच सांगू, की मंत्र चुकीचा? इतक्या वर्षांचा?" मग खुर्ची ओढून जवळ आले. "ऐक. तू काही लिहू नकोस. दोनच राहू दे. तुला पूर्ण मार्क देतो, नाव पाठवतो. फक्त वर्गात हा विषय परत काढायचा नाही. पुढच्या आवृत्तीत मी गुपचूप बदलतो. तू गप्प, मी गप्प. मंजूर?"

आता बघ हं. आता तर खोटंही लिहायचं नव्हतं. उत्तर तिचंच राहणार, मार्क तिला मिळणार. फक्त तोंड बंद ठेवायचं.

काकूने दाराकडे बघितलं. फटीत सोनूचा एक डोळा दिसत होता. तिला म्हणे त्या क्षणी एवढंच वाटलं, की हा गाढव परीक्षेत जाईल आणि जास्तीत जास्त दिसलं की डोळे मिटून मोठं घेईल. आणि ती सगळी पोरंही, तो लांब मानेचा टॉपरसुद्धा.

"आणि हे सगळे?" ती म्हणाली.

"त्यांचं मी बघतो."

"मागच्या वर्षीच्यांचं बघितलंत?"

सर एकदम कडक झाले. "बाहेर जाऊन बोललीस तर नाव जाणार नाही. नीट विचार कर."

तिने विचार केला की नाही ते मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही म्हणते. तिने सरांच्या हातातला तो अर्धा पुठ्ठा घेतला, कापून त्याचे दोन केले, आधीचे दोन उचलले, कात्री पिशवीत टाकली आणि बाहेर आली. सरळ फळ्याशी. चिकटपट्टीने चारही चौकोन फळ्यावर लावले, मधे चांगली हातभर जागा सोडून. वर खडूने लिहिलं, "सहाचा डबा." आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "यात ज्याला जे ठेवायचं असेल त्याने ठेवा. आणि मोठं घ्या, छोटं घ्या हे सगळं विसरा. दोन्ही उत्तरं प्रश्नात घालून बघा आणि मग निवडा. कंस उडवण्याआधी तो शून्य नाही ना, ते बघा. मागचं पान गणित सुटल्यावर उघडा. एवढंच सांगायचं होतं."

सर दारात येऊन उभे होते. म्हणाले, "आता नाव जाणार नाही तुझं."

"माहितीये सर," काकू म्हणाली, आणि छत्री घेऊन निघाली.

सोनूने घरापर्यंत नुसती आदळआपट केली. "वेडी आहेस का तायडे? नुसतं गप्प बसायचं होतं! मी सगळं ऐकलंय! तुला कुणी सांगितलं होतं आमचं भलं करायला?" घरी आल्यावर आईलाही तेच सांगितलं. आई नुसती फळीवरच्या बटणांच्या डब्याकडे बघत राहिली. पण सकाळी काकू उठून बघते तर सोनू टेबलावर पुस्तक उघडून बसलेला, आणि मागच्या पानांना त्याने कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. पानं उघडताच येऊ नयेत म्हणून. तिच्याकडे न बघता म्हणाला, "सातवं गणित बघ. त्याचंही उत्तर मला चुकीचं वाटतंय."

नाही गं, सगळं गोड झालं नाही. पाठ थोपटायला कुणी आलं नाही. ती परीक्षेच्या कार्यालयात गेली, खिडकीतल्या माणसाने सांगितलं, क्लासशिवाय बाहेरून बसता येतं, पण पुढच्या खेपेला, यंदाची मुदत गेली. तिने तिथेच उभ्या उभ्या पुढच्या खेपेसाठी नाव घातलं. दुकानात बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, भाची जाणार मग! आणि तू काय मिळवलंस यातून?"

काकू म्हणाली, "डबा होत नव्हता, बाई."

भाची गेलीसुद्धा कोर्सला. आणि काकू अजून मागच्या खोलीत काचा घासते. फक्त एक झालंय. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या दाराशी क्लासातली पोरं येतात, पिवळं पुस्तक घेऊन. "काकू, हे बघता का, मागचं बरोबर आहे का?" आणि ती मशीन न थांबवता म्हणते, "आधी तू सांग, घालून बघितलंस का?" परवा तर टॉपर आला होता, मान खाली घालून. बाई कुरकुरतात, पण दार बंद करायला सांगत नाहीत. आणि सर? सर म्हणे आता त्या गणितापाशी आले की खाकरतात आणि म्हणतात, "हे राहू दे, पुढचं घ्या." मंत्र मात्र बंद झालाय.

सोनू अजूनही म्हणतो ती मूर्ख आहे. ती म्हणते, पुढच्या खेपेला पास होईन आणि भाचीच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकीन, बघच तू.

तर आता सांग. विचार करून सांग, उगाच मोठेपणाने नको. नाव संध्याकाळी जाणार आहे, उत्तर तुझंच राहणार आहे, खोटं काही लिहायचं नाहीये, फक्त गप्प बसायचंय, आणि दाराच्या फटीतून तुझा भाऊ बघतोय. तू काय केलं असतंस?